सात पडद्यांचं पाणी

जवळा बाजार मागे टाकून ओढा ओलांडला की डाव्या हाताला बंजाऱ्यांचा एक तांडा लागतो. एरवी तिकडे पोस्टमनसुद्धा कुरकुरत जातो. पण आमचा हिंगोली जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली असतील, त्या उन्हाळ्यात तिकडे टेम्पोच्या रांगा लागल्या. हट्ट्याची माणसं आली, शिरड शहापूरची आली, आपापल्या पाहुण्यारावळ्यांना घेऊन आली. बाजारातला उसाच्या रसाचा गाडा घुंगरू वाजवत तांड्यावर मुक्कामाला गेला, तेव्हा मी ओळखलं, तिथे चमत्कार घडतो आहे. रसवाला उगीच जागा सोडत नाही.

चमत्काराचं नाव पडदेमहाराज. अंगात भगवा झब्बा, डोळ्यांवर काळा चष्मा. चष्मा काढत का नाही, तर म्हणे नुसती नजर पडली तरी पाणी उकळतं. मी म्हटलं, मग आमच्या पोरीबाळींचं सरपण तरी वाचवा, चुलीपुढे बसा. माझ्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. माझ्याकडे लक्ष न देण्याची आमच्या भागाला जुनी सवय आहे, आणि ती योग्यच आहे. मी किशनराव, जन्मभर थापा मारत आलेला माणूस. हट्ट्याचा एक कोंबडा एस.टी. अडवून कंडक्टरकडे सुटे पैसे मागायचा, ही माझीच बातमी. ती ऐकून माणसं हसली, घरी गेली, जेवली, झोपली. माझ्या थापेनं कुणाचं छप्पर उतरलं नाही. त्यामुळे दुसऱ्याची थाप मी कारागिराच्या नजरेनं बघतो, आणि पडदेमहाराजाची थाप बघून मला पहिल्यांदा कीव आली, नंतर शिसारी.

त्याचा धंदा असा. तांड्याच्या मधल्या मोकळ्या जागेत मांडव. मांडवात चौरंग. चौरंगावर लोणच्याची असते तशी काचेची बरणी. ज्याची शंका असेल त्यानं आपल्या घरच्या माठातलं पाणी आणून त्या बरणीत ओतायचं. महाराज पुढे वाकायचा आणि रेडिओवरच्या जाहिरातीसारखा सुरू व्हायचा.

"पाण्याला सात पडदे असतात, बच्चा. तुला दिसतो तो पहिला. सातवा दिसतो फक्त आम्हाला. वकील झूट बोलतो, डॉक्टर झूट बोलतो, घरवाली तर बोलतेच बोलते. जल झूट बोलत नाही."

घरवालीवर माणसं हसायची, बायका पदर तोंडाला लावायच्या, आणि तेवढ्यात महाराज बटव्यातून काळसर चमकते खडे काढून चिमूटभर पाण्यात सोडायचा. ते मात्र बघण्यासारखं होतं, खोटं कशाला बोलू. खडा खाली जाताना मागे जांभळ्या रंगाचा धागा सोडायचा. एक धागा, मग दहा धागे, मग धाग्यांचा गुंता, आणि बघता बघता सगळी बरणी पिकल्या जांभळासारखी गडद. गर्दीतून एकदम श्वास ओढल्याचा आवाज यायचा.

पुढे दोन वाटा. माणूस निर्दोष असेल तर महाराज बरणीत लिंबू पिळायचा, काठीनं ढवळायचा, आणि जांभळं पाणी बघता बघता नितळ व्हायचं. माणूस दोषी असेल तर महाराज अंगारा टाकायचा. मग पाणी आधी निळसर पडायचं, निळसराचं शेवाळासारखं हिरवं व्हायचं, आणि थोड्या वेळात नासलेल्या चहासारखं तपकिरी. "पाप सडलं," महाराज म्हणायचा. लिंबू कुणाला आणि अंगारा कुणाला, हे पाणी ठरवायचं असं तो सांगायचा. पाण्याला हात नसतात आणि बटवा महाराजाच्या कमरेला होता, एवढी साधी गोष्ट त्या टेम्पोभर माणसांत कुणाच्या ध्यानात येऊ नये, याचं मला आजही नवल वाटतं. चांगले शिकलेले लोक होते. एक तर वकील होता, आणि वकील झूट बोलतो हे ऐकून तोच सगळ्यात जोरात हसला.

हे एवढ्यावर राहिलं असतं तर मी रस पिऊन घरी गेलो असतो. पण मधे रूपाबाई आली.

रूपाबाई तांड्यावरची म्हातारी, विधवा. तिला सगळे याडी म्हणतात, त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. जीभ अशी की बैलसुद्धा तिच्या दारावरून खाली मान घालून जातो. मुलगा-सून कामाला बाहेरगावी, म्हणून नात पुजा तिच्यापाशी. पुजानं बाजारच्या कॉलेजातून बारावी सायन्सची परीक्षा नुकतीच दिली होती.

त्या साली हिवाळ्याच्या शेवटी जनावरांमध्ये लाळ-खुरकत आली. तोंडाला फोड, खुरांना जखमा. त्याआधी जनावरांच्या दवाखान्यातून लस टोचायला माणसं आली होती, तेव्हा तांड्यावरच्या हिरासिंगनं आपली गुरं रानात पिटाळून दिली. टोचलं की दूध आटतं, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. रूपाबाई त्याच्या दारात उभी राहून ओरडली, "टोचून घे रे मुडद्या, न्हाईतर वासरं मरतील."

वासरं मेली. एकामागून एक, गोठा रिकामा झाला. आणि हिरासिंगला दवाखाना आठवला नाही, लस आठवली नाही. त्याला आठवलं ते म्हातारीचं बोलणं. ती बोलली तसंच झालं. म्हणजे तिनंच केलं. सावध करणारीच करणी करणारी ठरली. आता मला सांगा, माझ्यासारख्या मुरलेल्या थापाड्यालासुद्धा असा उलटा हिशोब सुचला असता का?

महाराजानं रूपाबाईच्या माठातलं पाणी आणायला लावलं. ती आली नाही. चार बायका जाऊन तिला घेऊन आल्या. पाणी जांभळं झालं, अंगारा पडला, हिरवं झालं, तपकिरी झालं. महाराजानं चष्म्याआडून आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाला की ही डाकण आहे, हिच्या सावलीत तांड्याचं एक जनावर जगणार नाही, आणि हिचं पाप सात पिढ्या धुतलं जायचं नाही. ती तपकिरी बरणी लाल फडक्यानं बांधून पुरावा म्हणून चौरंगाखाली ठेवली. तांड्याचा नायक थावरा. माणूस वाईट नाही, पण गर्दी ज्या दिशेला तोंड करते त्या दिशेला त्याचं तोंड आपोआप वळतं. त्यानं निकाल दिला: येत्या बाजाराच्या दिवशी सगळ्यांसमोर बरणी उघडायची, आणि रूपाबाईनं तांडा सोडायचा. छपराचे पत्रे त्याच दिवशी उतरवायचे.

मी बाजारात खाजा मियाच्या सायकलीच्या दुकानात बसतो. तिथे एक मोडका स्टूल माझ्या नावावर आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी पुजा तिथे धावत आली. माझ्यासाठी नव्हे, खाजा मियाच्या लेकीसाठी. ही लेक, बिलकीस मॅडम, म्हणजे पुजाची कॉलेजातली केमिस्ट्रीची बाई. दुकानाच्या मागेच घर. मॅडम कॉलेजला निघण्याच्या घाईत, एका पायात चप्पल.

पुजा रडत होती. आजीला तांड्यातून काढून राहिले, मॅडम, तुमी तेवढं नायकाला सांगा. माझ्या आजीचं पाणी खरंच खराब निघालं, पण तिला म्हातारपणी कुठं नेऊ.

"खराब निघालं म्हणजे?" मॅडमनं विचारलं.

पुजानं सगळं सांगितलं. जांभळं, निळसर, हिरवं, तपकिरी. ऐकता ऐकता मॅडमची दुसरी चप्पल हातातच राहिली.

"पुजा, मँगनीजची ऑक्सिडेशन अवस्था सांग."

पुजानं नाक पुसलं आणि धडाधड म्हणायला लागली, अधिक दोन, अधिक चार, अधिक सहा, अधिक सात. इलेक्ट्रॉनची मांडणी थ्री-डी-फाइव्ह, फोर-एस-टू. एक अक्षर चुकलं नाही. सहामाहीत याच प्रश्नाला तिला पैकीच्या पैकी मिळाले होते.

"आणि अधिक सातचा रंग कोणता?"

"जांभळा."

"अधिक सहाचा?"

"हिरवा," पुजा म्हणाली. आणि तिथेच थांबली. मी त्या पोरीचा चेहरा बघत होतो. वर्षभर जे घोकलं ते आणि काल जे डोळ्यांनी पाहिलं ते, यांची तोवर भेटच झाली नव्हती. एक कॉलेजात राहत होतं, एक तांड्यावर. आमच्याकडे शिक्षण असंच असतं. परीक्षेच्या दिवशी घेऊन जायचं आणि निकाल लागला की परत ठेवून द्यायचं.

मॅडम तिला बोलल्या. मुलीला लागेल एवढं बोलल्या. तुझी आजी डाकण ठरते आणि तू मला हात जोडून दया मागतेस, तुला पुस्तकात लिहिलेलं खरं वाटतं की नाही? मग पुजाचा चेहरा बघून त्यांनाच वाईट वाटलं. त्यांनी तिला आत नेऊन चहा दिला, आणि मला म्हणाल्या, चाचा, तुम्हीपण ऐका, तुमच्या थापांना जरा अस्तर लागेल.

मला त्यांनी पंगत मांडून समजावलं. मँगनीज हा लोखंडाचा शेजारी, एक धातू. त्याच्या घरात आतल्या खोलीत पाच पाट आहेत. एका पाटावर दोघं बसू शकतात, पण बसलेत पाचच जण, प्रत्येकाला आपापला पाट. हे थ्री-डी-फाइव्ह. बाहेर ओसरीवर आणखी दोघं बसलेत, ते फोर-एस-टू. कुणी मागायला आलं की आधी ओसरीवरचे दोघं जातात. मग मँगनीज अधिक दोन झालं, आत पाच जण पाच पाटांवर सुखानं बसलेले, आणि पाण्याला जवळजवळ रंगच नाही. पण मागणारा जबरदस्त असेल तर आतलेही उठतात. चार गेले तर अधिक चार, तपकिरी गाळ. सहा गेले तर हिरवा. सातही गेले, घर रिकामं झालं, तर गडद जांभळा. पोटॅशियम परमँगनेट.

"म्हणजे तुमच्या महाराजाला सातवा पडदा माहीत आहे, एवढं खरं," त्या म्हणाल्या. "फक्त तो पडदा नाही, इलेक्ट्रॉन आहे. जांभळं मँगनीज भुकेलेलं असतं, गेलेली माणसं परत मागतं. अंगाऱ्यात साखर आणि कॉस्टिक सोडा असणार. साखर एकेक इलेक्ट्रॉन परत देते. एक आला, हिरवं. आणखी दोन आले, तपकिरी. लिंबू तर एकदम पाच देतं, म्हणून पाणी नितळ."

मी विचारलं, सगळ्याच धातूंची अशी नाटकं असतात का. त्या म्हणाल्या, जस्ताचं बघा, त्याच्या आतल्या खोलीत पाचही पाटांवर दोन-दोन जण बसलेत, दहाच्या दहा. तिथून कुणी उठत नाही. ओसरीवरचे दोन देतं आणि गप्प बसतं, रंगाची भानगडच नाही. पडदेमहाराज जस्त घेऊन आला असता तर उपाशी मेला असता.

मला हसू आलं. पुजालाही आलं, पण लगेच गेलं. बाजाराचा दिवस तिच्या डोक्यावर होता.

त्याच संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, मॅडम कॉलेजातून बाटल्या घेऊन तांड्यावर गेल्या, मागोमाग मीही. महाराज शिरड शहापूरला कुणाच्या घरी पायधूळ झाडायला गेला होता, ते बरंच झालं. मॅडमनी मांडवात उभं राहून सगळं करून दाखवलं. जांभळं केलं, हिरवं केलं, तपकिरी केलं. दुसरी बरणी, जांभळं केलं, लिंबू पिळलं, नितळ केलं. शांतपणे समजावलं. पुजा शेजारी उभी राहून त्यांच्या बोलीत सांगत होती. दोघींचा घसा बसला.

प्रयोग संपला. मग पहिल्या रांगेतली एक बाई उठली, पदर सावरला, पुढे आली आणि मॅडमच्या पायावर डोकं ठेवलं. तिच्या मागे दुसरी. हिरासिंग हात जोडून म्हणाला, "मॅडम, महाराजाला सात पडदे दिसतात म्हणतात, तुमाला तर त्याच्यापेक्षा जल्दी दिसले. आमच्या सुनेचंबी पाणी बघा." कुणीतरी नारळ आणायला पोरगं पळवलं. रसवाल्यानं मॅडमसाठी ग्लास धुवायला घेतला.

बिलकीस मॅडमचा चेहरा मी विसरणार नाही. सुया टोचल्यासारखा. तासभर इलेक्ट्रॉन समजावून त्यांनी एका महाराजाचे दोन केले होते. आणि रूपाबाई? लोकांच्या हिशोबानं आता दोन्ही महाराजांच्या हातून पाणी तपकिरी झालं, म्हणजे तिचा दोष आणखी पक्का झाला.

परत येताना पुजा आम्हाला ओढ्यापर्यंत सोडायला आली. मग मी म्हटलं, बेटा, राग मानू नको. माझा अनुभव सांगतो. मी थाप मारली तर ती माझी राहते. ऐकणाऱ्यानं दुसऱ्या गावात जाऊन स्वतः सांगितली की ती त्याची होते, आणि मग तो तिच्यासाठी भांडतो. तुझ्या हातानं पाणी हिरवं झालं, तर ती तुझी करामत. त्यांच्या हातानं होऊ दे.

त्या म्हणाल्या, "त्यांना परमँगनेट कुठून देऊ? मी दिलेलं पुन्हा माझंच होईल."

तेव्हा पुजा म्हणाली की लाल दवा चालेल का. लाल दवा म्हणजे जनावरांच्या दवाखान्यातून खुरकतीच्या जखमा धुवायला देतात ती. तांड्यावर घरोघरी कोनाड्यात पुड्या पडल्या आहेत. पण ती लाल असते ना, मॅडम. मॅडम ओढ्याच्या काठावर थांबल्या आणि कपाळाला हात लावून हसायला लागल्या. एक चिमूट बादलीभर पाण्यात टाकली की गुलाबी-लाल दिसते, म्हणून नाव लाल दवा. तीच चिमूट एका बरणीत टाकली की जांभळी. नाव लाल पडलं, आणि सगळा तांडा आपल्याच कोनाड्यातल्या पुडीला ओळखेनासा झाला. पिढ्यानपिढ्या गुरं राखलेली माणसं, खुरं धुवायच्या दवेच्या पाया पडत होती.

बाजाराचा दिवस आला. त्या दिवशी बाजारापेक्षा तांड्यावर गर्दी जास्त. रूपाबाईच्या घरावर दोन गडी चढून बसले होते, पत्र्याचे नट सैल करायला. रूपाबाई मांडवात, जमिनीवर, पाठ ताठ. तिच्या शेजारी पुजा. मॅडम गर्दीत मागे, माझ्याजवळ. आज त्या काही करणार नव्हत्या, तसं ठरलं होतं.

महाराजानं चौरंगाखालून बरणी काढली, फडकं सोडलं. तपकिरी गाळ तळाला बसला होता. "पाहा. पाप तळाला गेलं, पण गेलं नाही. सात पिढ्या जायचं नाही."

तेव्हा पुजा उठली. चौरंगापुढे आली. म्हणाली, "महाराज, तुमचाच नेम हाय, लिंबानं पाणी नितळ झालं तर माणूस निर्दोष. माझ्या आजीला तुमी लिंबू दिलंच न्हाई. आता द्या."

महाराज म्हणाला, हे पाप लिंबाच्या पलीकडचं आहे. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, मग बघू द्या की, न्हाई झालं तर न्हाई. थावरा नायकानं गर्दीकडे पाहिलं आणि तोंड वळवलं. "बराबर हाय," तो म्हणाला. "बघू द्या."

पुजानं कुणाला पिळायला दिलं, तर हिरासिंगला. त्याच्याच हातात लिंबं दिली. म्हणाली, काका, तुमचीच वासरं मेली, तुमीच पिळा. हिरासिंग कावराबावरा झाला, पण नाही कसं म्हणणार. त्यानं एक पिळलं, ढवळलं. गाळ वर आला, पाणी गढूळ. महाराज हसला. हिरासिंगनं दुसरं पिळलं, तिसरं पिळलं, ढवळत राहिला. आणि पाणी पिवळसर झालं, फिकं झालं, मग बरणीच्या पलीकडे ठेवलेला महाराजाचा बटवा त्यातून स्वच्छ दिसायला लागला.

सात पिढ्यांचं पाप तीन लिंबांत गेलं. बाजारात लिंबं त्या दिवशी स्वस्त होती.

महाराज काय काय बोलला ते सगळं सांगत बसत नाही. लिंबू बाटलं होतं. पोरगी बाटली होती. हिरासिंगच्या हातात दोष आहे. हे शेवटचं बोलायला नको होतं. हिरासिंग तोवर त्याचा भक्त होता. आता तो बरणी हातात धरून म्हणाला, माझ्या हातात दोष? मग माझं पाणी बघा.

महाराजानं घाईनं लिंबाला हात घातला, तर पुजा म्हणाली, न्हाई, अंगारा. बटवा चौरंगावरच होता. हिरासिंगनं स्वतःच हात घातला. त्याच्या बायकोनं घरातून दुसरी बरणी भरून पाणी आणलं, आणि कोनाड्यातली लाल दवेची पुडीही आणली, कारण पुजानं तिला सकाळीच सांगून ठेवलं होतं. पुडी पाण्यात पडली आणि जांभळे धागे सुटले, अगदी महाराजाच्या खड्यांसारखे. मांडवात कुजबूज सुरू झाली. ही तर खुरं धुवायची दवा. व्हय रे, तीच. वर महाराजाचाच अंगारा पडला. निळसर. हिरवं. तपकिरी.

"मीच डाकण झालो की," हिरासिंग म्हणाला.

कुणीतरी खुदकन हसलं. मग जो तो बरणी मागायला लागला. थावरा नायकाचं पाणी हिरवं झालं. पत्रे काढायला चढलेल्या गड्यांच्या घरचं झालं. वकिलानं आपल्या बाटलीतलं पाणी दिलं, तेही झालं. एका म्हातारीनं म्हशीच्या हौदातलं आणलं, आणि म्हैस डाकण निघाली तेव्हा माणसं पोट धरून मातीत बसली. माझ्या अख्ख्या आयुष्यात माझ्या एका थापेवर एवढी माणसं हसली नाहीत. मला थोडा मत्सर वाटला, कबूल.

त्या हसण्यात पडदेमहाराज कधी निसटला कुणाला कळलं नाही. जीप सुरू झाल्याचा आवाज आला तेवढा. बटवा चौरंगावर राहिला. मॅडमनी तो उचलून सगळ्यांसमोर उघडला आणि कुणालाही अंगाऱ्याला नुसता हात लावू दिला नाही. तिथे मात्र त्या वर्गातल्या बाई झाल्या. हिरासिंगला आधी भरपूर पाण्यानं हात धुवायला लावले. राखेत साखर मिसळली आहे, ती मुंग्यांना विचारा, त्या आत्ताच वास काढत आल्या आहेत. दुसरं कॉस्टिक आहे, कातडी जाळतं, लेकरांपासून लांब. मग त्यांनी पाच पाटांची पंगत पुन्हा मांडली. या वेळी लोकांनी ऐकली. पायावर डोकं कुणी ठेवलं नाही. एकानं उलट विचारलं की ओसरीवरचे आधी का जातात, आणि मॅडमना तो नारळापेक्षा मोठा मान वाटला असावा, कारण त्या बराच वेळ त्याच्याशीच बोलत राहिल्या.

गडी पत्र्यावरून उतरले. थावरा नायकानं घसा खाकरला. मोठ्या मनानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, तो रूपाबाईला म्हणाला, "याडी, तुमचं पाणी नितळ निघालं. सगळ्या तांड्यानं पाहिलं. तुमी निर्दोष हाव. रहा खुशाल."

मला वाटलं आता म्हातारी डोळे पुसेल. गर्दीलाही तेच वाटलं, कारण सगळे जरा पुढे सरकले, रडणं जवळून बघायला.

रूपाबाई उठली. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. ती नितळ बरणी तिनं दोन्ही हातांनी उचलली आणि मांडवाबाहेर जाऊन मातीत ओतून दिली.

"परवा पाण्यानं मला डाकण केलं," ती म्हणाली. "आज पाण्यानं मला सती केलं. उद्या कोणी तिसरंच काही टाकल, मग मी काय होईन? नायक, माझं लगीन या तांड्यात लागलं, माझी लेकरं इथं झाली, तुझी नाळ मी कापली. माझ्याबद्दल काही इचारायचं असंल तर मला इचार. पाण्याला इचारायचंच काहून?"

थावरानं गर्दीकडे पाहिलं तर गर्दी आपल्या पायांकडे बघत होती.

मग ती हिरासिंगकडे वळली. त्याला वाटलं आता शिव्या येतील, तो मान खाली घालून उभा राहिला. तिनं एवढंच विचारलं की गाय पुन्हा गाभण हाय का रे. तो म्हणाला, व्हय. ती म्हणाली, मग औंदा टोचून घे. आणि पुजाचा हात धरून घराकडे गेली. सैल केलेले नट त्या गड्यांनीच पुन्हा आवळले. ते तिनं दारात खाट टाकून, शेवटचा नट आवळून होईस्तोवर, बसून पाहिलं.

वाचणाऱ्यांनो, माझ्या इतर गोष्टी खोट्या समजा, कोंबड्याची तर नक्कीच. हीसुद्धा खोटी समजलात तरी माझी हरकत नाही. पण कुणी तुमच्यासमोर पाणी, दिवा, नारळ, तांदळाचे दाणे साक्षीला उभे केले, तर पाया पडण्याआधी दोन प्रश्न विचारा. यात काय टाकलं? आणि हेच माझ्या हातानं, माझ्या घरच्या वस्तूनं, माझ्यावर करून बघू का? जो खरा असेल तो बाजूला सरून तुम्हाला जागा देईल. जो खोटा असेल तो तुमच्या हातात दोष काढील. मँगनीजला पाप कळत नाही, पुण्य कळत नाही, डाकण तर मुळीच कळत नाही. त्याला इलेक्ट्रॉन देता-घेता येतात, एवढंच. माणसाला विचार करता येतो. ज्याला जे येतं ते त्यानं करावं.